ओसरीवरच्या मॅडम

सकाळी साडेसातला आमदारांच्या ओसरीवर पहिला माणूस यायचा तेव्हा मॅडम तिथे आधीच बसलेल्या असायच्या. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता, त्याच्या दाराकडच्या टोकाला. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला उन्हाळा असो की हिवाळा पांढरा रुमाल, आणि मांडीवर शंभर पानी वही. नवीन आलेला माणूस त्यांच्या शेजारी टेकायचा आणि थोड्या वेळानं विचारायचा, "बाई, तुमचं काय काम अडलं?"

"माहं काई अडलं नाई," मॅडम म्हणायच्या. "मी पाहाले येते."

"काय पाहाले?"

"आमदार."

मग तो माणूस जरा सरकून बसायचा.

अमरावतीच्या एका कॉलेजात मॅडम राज्यशास्त्र शिकवायच्या. मीही तिथेच होतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा वाजली की शिक्षक, पुढची वाजली की कोणी नाही. माझं गाव धामणगाव रेल्वे. रोज गाडीनं येऊन-जाऊन करायचो. पहिल्या भेटीत मॅडमनी मला विचारलं, "पर्मनंट कधी होशीन?" मी म्हणालो, "काही सांगता येत नाही." तेव्हा त्या म्हणाल्या, "सरकार करन तेव्हा करन. मी आजपासून तुले मास्तर म्हणते." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही.

त्यांच्या संशोधनाचा विषय कागदावर फार लांबलचक होता. पक्ष, आमदाराचं वर्तन, मतदारसंघाशी असलेले संबंध वगैरे. प्रत्यक्षात त्या आठवड्यातून तीन दिवस एकाच आमदाराच्या ओसरीवर बसायच्या आणि लिहायच्या. कोण आलं, कोणत्या गावाहून, काय काम, किती वेळ थांबलं, आमदार काय बोलला. त्यानं विधानसभेत विचारलेले प्रश्न, केलेली भाषणं त्या वेगळी काढून ठेवत आणि ओसरीवरच्या वहीशी ताडून पाहत. हे त्यांनी अकरा वर्षं केलं. त्यातली शेवटची सहा वर्षं त्यांच्या शेजारी मी होतो, कारण हेच माझ्या पीएचडीचंही काम होतं.

आमदारांना सगळे भाऊ म्हणायचे, मॅडमसुद्धा. भाऊ वाईट माणूस नव्हता. पहाटे दोनला कुठल्या तरी लग्नावरून यायचा आणि आठला आंघोळ करून ओसरीवर हजर. गावातली नाली, मुलीची बदली, रोहित्र जळालं, पोराला पोलिसांनी नेलं, सगळं ऐकायचा. मॅडमकडे पाहून रोज हात जोडायचा. सुरुवातीला त्यानं त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणवली होती. मॅडमनी ती एका म्हाताऱ्याला दिली आणि बाकावर जाऊन बसल्या. चहा त्यांनी तिथे कधी घेतला नाही. घरून थर्मास आणायच्या, त्यातला अर्धा कप मला द्यायच्या.

त्यांचे नियम मोडले तर त्या माणसावर नव्हे, वहीवर चिडायच्या. ओसरीवर कोणालाही सल्ला द्यायचा नाही, हा पहिला नियम. कोण्या बाईला कोणत्या कचेरीत जायचं हे आम्हाला ठाऊक असलं तरी सांगायचं नाही. "आपण सांगितलं तं काम आपण केलं. मंग भाऊनं काय केलं ते कसं समजन?" मला हे फार कठोर वाटायचं. एकदा एप्रिलमध्ये मोर्शीकडून आलेला एक म्हातारा बाकावरून कोसळला. मॅडम उठल्या, त्याला आपल्या थर्मासचं झाकण भरून पाणी पाजलं, रुमाल ओला करून कपाळावर ठेवला, ऑटो बोलावून त्याला दवाखान्यात नेलं, त्याची सून येईपर्यंत तिथे बसल्या. आणि परत येऊन त्या दिवसाचं पान वहीतून फाडून टाकलं. "आज मी पाहाणारी नव्हती," म्हणाल्या. "आजचं चालत नाई."

भाऊच्या उत्तरांची त्यांनी प्रतवारी लावली होती. एखाद्याला भाऊ हसून "करतो" म्हणाला, की ते काम होत नसे. "पाहतो" म्हणाला तर निम्म्या वेळा होई. पण ज्याच्यावर तो खेकसे, "आता आले का तुमी? दोन महिने काय झोपले होते?" असं म्हणे, त्याचं काम बहुतेक होऊनच जाई. पहिल्यांदा हे मला कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आपल्या माणसावरच रागावते माणूस. हात तं परक्याले जोडते." वर्षभर वह्या चाळल्यावर मला ते पटलं.

आणि पक्षाचं म्हणाल तर एका सकाळी आम्ही गेलो तेव्हा ओसरीवरच्या भिंतीवरचे फोटो बदललेले होते. जुन्या फोटोंच्या जागी भिंत जरा उजळ दिसत होती आणि नवे फोटो त्या चौकोनांपेक्षा लहान होते. दारावर झेंडा दुसरा. आदल्या संध्याकाळी भाऊ दुसऱ्या पक्षात गेला होता. बाकावरची माणसं मात्र तीच. एका शेतकऱ्यानं वर पाहिलं, नवा फोटो बघितला आणि आपल्या पिशवीतला शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याचा अर्ज नीट करत बसला. माझ्या तक्त्यात "पक्ष" असा एक रकाना होता, तो मी शाईनं भरला होता. आता काय करू म्हणून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "तो रकाना पेन्सिलीनं लिवत जाय." पुढे तो मला आणखी एकदा खोडावा लागला.

पुण्याला एका परिषदेत त्यांनी मोठीच फजिती केली, स्वतःची की दुसऱ्याची ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. एका विद्वान गृहस्थांनी पक्षनिष्ठा आणि लोकप्रतिनिधी यावर सुंदर निबंध वाचला होता. पडद्यावर आलेख होते. प्रश्नोत्तरांत मॅडम उभ्या राहिल्या. "सर, तुमी आमदार कधी पाह्यला का? म्हंजे सकाळी साडेसातले?" सभागृहात हशा पिकला. त्या गृहस्थांचा चेहरा पडला. मॅडमना कोणाला हसवायचं नव्हतं, त्या उत्तराची वाट पाहत तशाच उभ्या होत्या. शेवटी अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. परतीच्या गाडीत बडनेरा जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "मी वाईट बोलली का रे? मले खरंच पुसाचं होतं."

घर त्यांचं राजापेठेच्या मागे, दोन खोल्यांचं. लग्न केलं नव्हतं. स्वयंपाकघरात एक बंद पडलेला फ्रिज होता आणि त्यात वह्या. भाजी, दूध बाहेर, वह्या आत. "वाळवी फ्रिजमधी जात नाई," असं कारण. पाहुण्यांना पाणी देताना माठाकडे वळायच्या आणि पाहुणे फ्रिजकडे बघत राहायचे. त्या फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात एक लहान निळी वही होती. नावांची वही. बाकीच्या सगळ्या वह्यांत माणसांना फक्त क्रमांक होते. ओसरीवर येऊन गेलेल्यांपैकी काहींच्या घरी जाऊन आम्ही मुलाखती घ्यायचो. काम झालं का, भाऊबद्दल काय वाटतं, मत कोणाला देणार. ती माणसं बोलायची, कारण मॅडम त्यांना शब्द द्यायच्या की नाव कुठे जाणार नाही. कोणत्या क्रमांकाचा माणूस कोण, हे फक्त त्या निळ्या वहीत लिहिलेलं होतं.

त्यातल्या एका बाईविषयी सांगायला हवं. वलगावच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही. नवरा वारलेला, थोरली मुलगी सासरी, धाकटी घरी. घरकुलाचा अर्ज घेऊन ती ओसरीवर चार वेळा आली होती आणि चारही वेळा भाऊ हसून "करतो" म्हणाला होता. मुलाखतीला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. मॅडमनी विचारलं, "भाऊले मत देसान का?"

"बाई, तो आदमी नुसते हात जोडते," खाला म्हणाली. "हात जोडून काय घर उभं राह्यते? यंदा आमच्या मोहल्ल्यातलं एक मत नाई भेटत त्याले. मीच फिरणार हावो घरोघर." मग जरा थांबून म्हणाली, "हे लिवून राह्यले का तुमी? माहं नाव नोका टाकू."

"नाव कोणाले दिसत नाई. माही जबान हाय," मॅडम म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे त्यांना वाचायला-लिहायला बंदी होती आणि निवडणूक तोंडावर आलेली. या सगळ्या वह्यांवरून त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलेलं होतं, शेवटच्या प्रकरणाचे तक्ते तेवढे तपासायचे राहिले होते. त्यांनी मुलाखतींच्या वहीसोबत निळी वहीही माझ्या हातात दिली. काही बजावलं नाही. मला आजही वाटतं, तेव्हा काहीतरी बजावायला हवं होतं. पण त्यांच्या मनातही आलं नसावं.

त्याच दिवसांत आमच्या कॉलेजात एका कायम जागेची जाहिरात निघाली होती. नऊ वर्षं मी त्या जागेची वाट पाहत होतो. संस्थेच्या मंडळावर भाऊचा शब्द चालतो हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

एका सकाळी मी एकटाच ओसरीवर बसलो होतो. भाऊचा पीए बाहेर आला. एरवी तो माझ्याकडे पाहतही नसे. म्हणाला, "सर, आत या ना. बाहेर काहून बसले?" आत गारवा होता. त्यानं चहा मागवला. मी तो प्यालो. सहा वर्षांत त्या घरचा पहिला.

"मॅडमची तब्येत कशी हाय?"

"बरी आहे."

"तुमचा इंटरव्ह्यू कधी हाय, सर?"

"दिवाळीनंतर."

"हं," तो म्हणाला. "भाऊ म्हणत होते, मॅडम इतके वर्षं लिवून राह्यल्या. कुठं कमी पडून राह्यलो, कोणतं गाव नाराज हाय, जरासं समजलं असतं तं सुधारता आलं असतं. चांगल्यासाठीच."

त्यानं जागेबद्दल एक अक्षर काढलं नाही. धमकी नाही, लालूच नाही. पिशवीत हात घालून मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या, मुलाखतींची आणि निळी. "इथंच बघा," एवढं म्हणालो, जणू त्यानं काही फरक पडणार होता. फोन आल्याचं निमित्त करून मी ओसरीवर आलो. अर्ध्या तासानं पीएनं वह्या आणून दिल्या. त्यानं मोबाइलवर फोटो काढले असणार हे मला कळत होतं. मी विचारलं नाही.

भाऊ निवडून आला, पण थोडक्यात. वलगावच्या बाजूच्या गावांनी त्याला पाडायचंच बाकी ठेवलं होतं.

डिसेंबरातली गोष्ट. मॅडमनी जाड भिंगांचा नवा चष्मा लावून पुन्हा ओसरी धरली होती. थंडी होती, बाकावर सात-आठ माणसं शालीत गुंडाळून बसली होती. खाला आली. ती भाऊकडे आली नव्हती. सरळ मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी जबान देली होती."

मॅडमना क्षणभर ओळख पटली नाही. मग म्हणाल्या, "खाला? काय झालं?"

"दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या. शाळेत गेली तं चुलीवर दुसरी बाई. कमिटीचा अध्यक्ष म्हणते, तुह्या खिचडीत पाणी जास्त राह्यते. अकरा वर्ष नाई झालं ते पाणी? मंग त्याची बायको मले कानात सांगते, भाऊच्या माणसाजवळ कागद हाय, तू बाईजवळ काय बोलली ते सगळं लिवेल हाय त्याच्यात. मोहल्ल्यात फिरणार हावो म्हटलं होतं, तेबी." तिचा आवाज चढला नाही. "मी हे कोणाजवळ बोलली होती, बाई? तुमच्या दोघांजवळच ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी हे आठवत राहिलो. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी वही मिटली, पेन वहीत ठेवला आणि त्या उठून रांगेत उभ्या राहिल्या. अर्जदारांच्या रांगेत. पुढे पाच जण होते. पीए धावत आला, "मॅडम, तुमी रांगेत? आत या ना सरळ." त्या म्हणाल्या, "नाई. नंबरानं येते."

त्यांचा नंबर आला. त्या भाऊसमोर उभ्या राहिल्या. शाळेत पोरांना उभं करतात तशा, हात बाजूला.

"भाऊ, अकरा वर्षांत मी तुमाले काई मांगलं नाई."

"मांगा ना, मॅडम. तुमचा हक हाय."

"या बाईचं शाळेतलं काम गेलं. ते वापस पायजे. ते जे बोलली ते मले बोलली, तुमाले नाई. राग काढाचा तं माह्यावर काढा. मी लिवलं."

भाऊ खुर्चीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि थोडी लाजही असावी, मला तसं वाटलं. त्यानं दोन्ही हात जोडले, मान लववली आणि हसला.

"करतो, मॅडम," तो म्हणाला. "करतो."

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. त्या ओसरीवर त्या शब्दाचा अर्थ त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. मग त्यांनी पदर सावरला, खालाला म्हणाल्या, "चल," आणि पायऱ्या उतरल्या.

फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, उद्यापासून येऊ नोको. झालं आपलं."

"पण मॅडम, पुस्तक…"

"आता मी अर्जदार झाली त्याची. अर्जदाराचं लिवलेलं खरं नसते."

प्रकाशकाकडून मुद्रितं येऊन पडली होती. त्यांनी पुस्तक छापू नये असं पत्र लिहिलं. मी त्यांच्या घरी जाऊन खूप सांगून पाहिलं. गावाचं नाव बदलू, ते प्रकरण गाळू, अकरा वर्षांची मेहनत आहे, कोणाला कळणार आहे? मी हे इतक्या पोटतिडकीनं बोलत होतो, कारण पुस्तक आलं असतं तर माझ्या हातून काही मोडलं नाही असं मला म्हणता आलं असतं. मॅडम माठातलं पाणी ओतत होत्या. म्हणाल्या, "खालाले कळलं ना. तेवढं पुरे."

खालाचं काम परत मिळालं नाही. मॅडमनी एका मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी स्वयंपाकाची जागा पाहिली होती. तिनं नाकारली. "मले तुमचं काम नोको, माहं काम पायजे," असं म्हणाली, हे मला मॅडमनीच सांगितलं. बाकी त्या दोघींत काय बोलणं झालं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

जानेवारीत मला नेमणुकीचं पत्र मिळालं. मॅडम पेढे घेऊन आल्या. माझ्या बायकोच्या हातात पुडा दिला, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता सरकारबी मास्तर म्हणते," म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच होती का ते मी कितीदा तपासून पाहिलं आहे. नव्हती. माझा पेढा मी मुलीच्या हातावर ठेवला.

त्यानंतर टाळेबंदीची दोन वर्षं गेली. तेवढ्यात मॅडम निवृत्त झाल्या आणि अकोल्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. कॉलेजात त्यांचा निरोप समारंभ झाला नाही. मला पीएचडी मिळाली, निळ्या वहीतलं काही न वापरता, आकडेवारीवर. माझ्यापुढे आता तासिका तत्त्वावरची दोन पोरं बसतात, सर, जागा कधी निघेल म्हणून विचारतात. मी त्यांना "पाहू" म्हणतो.

एका मे महिन्यात परीक्षेच्या कामाला अकोल्याला गेलो होतो. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काम आटोपून मॅडमकडे गेलो. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, कूलर घुरघुरत होता. मॅडम खूप वाळल्या होत्या. भिंग घेऊन वर्तमानपत्रातला एक फोटो पाहत होत्या. त्या दिवसांत पक्ष फुटून त्यांचे दोन-दोन झाले होते आणि पुढाऱ्यांचे नवेनवे समूह-फोटो रोज छापून येत होते. "पाह्य," त्या म्हणाल्या, "भाऊ आता तिसऱ्या रांगेत हाय. पह्यले दुसऱ्या रांगेत राहे." भाऊचा तो चौथा पक्ष होता. मी फोटोकडे पाहिलं नाही.

"मॅडम, ती वही मी दिली होती."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. वही माह्याजवळून तुह्याजवळच गेली होती. तिसरा कोण होता?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बहिणीनं आतून पन्हं आणून ठेवलं आणि ती परत गेली.

"बोलून काय करू?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. ताप उतरल्यावर माणूस बोलतो तशा आवाजात. "तू रडला असता, पाय धरले असते, मी माफ केलं असतं. मले ते जमलंच असतं रे, तू माह्या पोरासारखा. पण मास्तर, माफ करणारी मी कोण? खिचडी काय मी शिजवत होती? मले कायले सांगतं? तिले जाऊन सांग."

"जातो," मी म्हणालो.

"जाय. लवकर जाय."

मी गेलो नाही. जून लागला, प्रवेश सुरू झाले. मग कॉलेजच्या तपासणीला नॅकची समिती आली, मग मतदार याद्यांचं काम लागलं. नोकरी कायम झाल्यावर मी अमरावतीतच राहायला आलो होतो आणि वलगाव तिथून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर आहे. त्या रस्त्यानं मी दोनदा लग्नालाही गेलो. कामं खरी होती, पण त्यांच्यामुळे थांबलो असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त थकवा यायचा. त्या रस्त्याकडे गाडी वळवायचा विचार आला की मी घरीच आडवा व्हायचो, जणू मीच अकरा वर्षं कुठेतरी बसून होतो.

हिवाळ्यात अकोल्याहून बहिणीचा फोन आला. मॅडम झोपेतच गेल्या होत्या. मी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. फ्रिज त्यांनी अकोल्याला नेलाच नव्हता. वह्यांचं काय झालं विचारलं तर बहीण म्हणाली, इकडे येण्याआधीच त्यांनी त्या एकेक करून बंबात घातल्या, आंघोळीचं पाणी तापवायला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी खालाच्या दारात उभा राहिलो. ती आता घरूनच डबे करून देते. ओट्यावर आठ-दहा डबे ओळीनं धुऊन पालथे घातलेले होते. धाकटी मुलगी भाकरी थापत होती. खालानं मला ओळखलं. "बाईसंगं येत होते ते मास्तर ना तुमी?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. वही कोणी दिली, कोणाला दिली, कशासाठी दिली. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ती मुलीला म्हणाली, "तवा उतरव."

मग माझ्याकडे वळली. "बाई तं म्हणे मीच देली."

"काय?"

"काम गेलं त्याच्या दुसऱ्या हप्त्यात आल्या होत्या. म्हणे, खाला, वही माह्या हातून गेली, चूक माही. मी त्याहीले बोलली ते बोलली. एवढ्या शिकलेल्या बाईले कोणी बोलत नाई असं बोलली. तोंडावर दार लावलं. मंग टाळेबंदी सरल्यावर अजून एकदा आल्या. पाणी देलं, पण या म्हटलं नाई, बसा म्हटलं नाई. दारातच पेल्यानं पाणी पेल्या आणि गेल्या." तिनं कपाळावरून पदर मागे सारला. "त्याहीनं कायले ओढून घेतलं स्वतःवर?"

मुलीनं तवा उतरवून ठेवला तशी खाला पुढे झाली.

"त्या अकोल्याले असतेत ना? तुमच्याजवळ नंबर असन. लावा फोन. मी बोलते त्याहीच्यासंगं. लावा."

मी फोन खिशातून काढला नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तरी मी म्हणालो, "दोन महिने झाले."

खाला ओट्यावर बसली. पालथ्या डब्यांपैकी एक तिनं उचलला, कोरडा होता तरी पदरानं पुसत राहिली. मुलगी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून आमच्याकडे बघत होती.

"दोन महिने," खाला म्हणाली. "मंग आता कायले आले तुमी?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. डबा जागेवर ठेवून उठली.

"त्याहीचं कोणी हाय का तिथं?"

"बहीण आहे."

"पत्ता लिवून द्या. मोठ्या अक्षरात लिवा, पोरगी वाचून देईन." मी खिशातल्या चिठ्ठीवर पत्ता लिहिला. तिनं तो मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतला, घडी करून कमरेला खोचला. "बडनेऱ्यावरून अकोल्याची गाडी सकाळी किती वाजता हाय?"

मी वेळ सांगितली. तिकीट काढून देतो, मीही सोबत येतो, घर दाखवतो, असं म्हणालो.

"नोको," खाला म्हणाली. "मी जाते. तुमी नोका येऊ."